तांबड्या मातीतला विळा

फाल्गुन सरत आला की आमच्याकडच्या वाऱ्याला धुराचा वास येतो. आजऱ्याच्या बाजूला, डोंगराच्या उतारावर भात करणारी माणसं या दिवसांत तरवा भाजतात. तरवा म्हणजे भाताची रोपं वाढवायचा वाफा. त्यावर फांद्या, पाला, शेणी, पेंढा असं थरावर थर रचायचं, वरनं माती पसरायची आणि वाऱ्याच्या उलट्या अंगानं पेटवायचं. ते भसाभस जळत नाही, धुमसतं. खालची माती भाजते, तणाचं बी मरतं, आणि पाऊस पडला की त्या राखेत रोपं तरारून येतात. शहरात गेलेल्या लोकांना हा वास आला की गाव आठवतं म्हणे. मला त्यात काही गोड वाटत नाही. डोळे चुरचुरतात, वाळत घातलेली लुगडी काळी पडतात, दम्याची माणसं रात्रभर खोकतात. पण अजूनही धूर आला की मी दारात बसून तो कुठल्या बाजूनं येतो ते आधी बघते. यंदाही बघितलं. ही सवय जुनी आहे.

माझं माहेर मुरगूडच्या बाजूचं. तिकडची माती काळी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात ती पाय धरते, चप्पल ओढून घेते. लग्न होऊन इकडं आले आणि तांबडी माती बघून मला वाटलं, इथं काय पिकणार? विटांचा चुरा सांडावा तशी माती. लुगड्याच्या काठाला लागली की लुगडं फाटेपर्यंत जात नाही. पावसात उतारावरनं पाणी येतं ते गंजाच्या रंगाचं. मी चौथीपर्यंत शिकलेली, मला कुणी सांगितलं नव्हतं. पुढं कळलं की ती खरंच गंज आहे. जांभ्या दगडाचा डोंगर झिजून झालेली माती, लोखंडानं भरलेली. त्या मातीत घनसाळ भात पिकतो आणि तो शिजताना वास शेजारच्या घरात जातो, हे डोळ्यांनी बघितल्यावर पटलं. तरी पहिली काही वर्षं मी माहेरी गेले की काळ्या मातीत उगीच अनवाणी चालून यायची.

एका वर्षी भाजावळीच्या, म्हणजे तरवा भाजायच्या दिवसांत माझी पहिली खेप होती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माझी आई तेव्हा अंथरुणाला खिळली होती, म्हणून सासरीच राहिले. तरव्यासाठी पाला गोळा करायचं काम बायकांचं. पोट पुढं घेऊन मी रानातनं पाल्याचे भारे आणले. वाकवत नव्हतं म्हणून शेणी पायानं गोळा केल्या. आमचा तरवा तेव्हा उताराच्या खालच्या तुकड्यात होता, ओढ्याला लागून. सासऱ्यांच्या आधीपासून तिथंच. पिढ्यान्‌पिढ्या भाजून तिथली माती पिठासारखी झाली होती. बाकीच्या उतारावर उन्हाळ्यात कुदळ मारली की ठिणगी उडायची आणि दांडा हाताला झिणझिण्या आणायचा. या एका तुकड्यात कुदळ सरळ आत जायची.

ढीग रचून झाला, आणि तो पेटवायच्या आधीच माझ्या कळा सुरू झाल्या.

बाळंतिणीची खोली म्हणजे माजघराच्या कडेची अंधारी खोली. एकच खिडकी, ती वरच्या अंगाला, डोंगराकडं. बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी, लसूण घातलेल्या तेलाचा वास. उशाशी विळा. तो सासूबाईंनी ठेवला होता. बाळाजवळ लोखंड असलं की वाईट काही जवळ येत नाही, असं त्यांचं म्हणणं. गवत कापायचा रुंद पात्याचा विळा, मूठ झिजून गुळगुळीत झालेली. कुशीवर वळताना तो माझ्या हाताला लागायचा आणि गार वाटायचा. त्या उन्हाळ्यात त्या खोलीत गार असं तेवढंच होतं.

मुलगी झाली. बारसं व्हायच्या आधी गेली. ताप आला, दूध ओढेना, आजऱ्याला दवाखान्यात न्यायला बैलगाडी जुंपली तोवर संपलं होतं. त्या काळी असं पुष्कळ घरांत व्हायचं. हे सांगून दुःख कमी होत नाही, पण माझ्यावरच आभाळ कोसळलं असंही मी म्हणत नाही.

एवढं लहान मूल जाळत नाहीत, पुरतात. पुरायला बाप्ये जातात. बाई जात नाही, आणि आईला तर जागाही सांगत नाहीत. सांगितली की ती तिथं जाऊन बसते आणि तिथं बसणारीची कूस परत भरत नाही, असं म्हणायचे. खरं-खोटं देव जाणे. माझ्या मालकांनी तिला माझ्याच जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून छातीशी धरलं. सासूबाईंनी माझ्या उशाचा विळा काढून त्यांच्या हातात दिला. म्हणाल्या, “तिच्याजवळ ठेव. घरात परत आणू नगंस.” माझे दीर कुदळ घेऊन त्यांच्यामागनं आमच्याच उताराकडं गेले. दोघं परत आले, न्हाणीत अंघोळ केली, आणि त्या घरात त्यावर कुणी परत बोललं नाही.

पुढं एक-दोन दिवसांत धूर आला. मी बाजेवर पडले होते. धूर खिडकीतनं आत येताना बघून मला वाटलं, हे कसं काय? तरवा खाली, खिडकी वर. खालच्या तुकड्यातला धूर पुढच्या सोप्यात यायचा, या खिडकीत कधी येत नसे. वारा फिरला असेल म्हणून मी तोंड भिंतीकडं केलं. दूध दाटून छातीचा दगड झाला होता, धुराचा विचार कोण करतो? पण ध्यानात राहिलं.

उठून बाहेर पडले तेव्हा बघितलं. खालचा तुकडा तसाच होता, न भाजलेला, ढीग नाहीसा झालेला. आणि वर, मुरमाड जागेत, जिथं कुणी भोपळासुद्धा लावला नसता, तिथं काळा चौकोन. तरवा वर नेला होता.

तेव्हापासून तो वरच राहिला. रोपांना पाणी खालच्या ओढ्यातनं डोक्यावरनं न्यावं लागायचं आणि नेणारी मी. म्हणून मी भांडले. दर वर्षी भांडले. पाण्याशेजारची मऊ जागा सोडून मुरमात कशाला मरायचं? मालकांचं उत्तर ठरलेलं, “तिथली माती मेल्या.” मेलेल्या मातीत गुडघाभर गवत कसं येतं, असं विचारलं की ते उठून बाहेर जायचे. हट्टी माणूस. बिडी तोंडातनं सुटायची नाही, फक्त ओढ्याकडं उतरताना ते बिडी विझवून कानावर ठेवायचे. मला वाटायचं, बिडी पुरवून ओढतात.

मालक गेले. बरीच वर्षं झाली. जाताना पण काही बोलले नाहीत.

महादेव हा माझा नंतरचा मुलगा. शेती तोच बघतो. दोन-तीन वर्षांमागं बोअरला चांगलं पाणी लागलं, आणि त्यानं ठरवलं की पावसाच्या आधी जेसीबी लावून सगळा उतार एकसारखा करायचा, वरची माती काढून खाली भरायची आणि ऊस करायचा. भात कोण खातो आता विकत मिळत असताना, असं त्याचं म्हणणं. ते चूक नव्हतं. मी त्याला सांगितलं, “या उतारात कुठंतरी तुझी भैन हाय. यंत्र तिच्यावरनं न्यायचं न्हाय.”

त्याला बहीण होऊन गेल्याचं ठाऊक होतं, ती आमच्याच रानात आहे हे नव्हतं. मग म्हणाला, “आई, जागा दाव. तेवढी सोडतो. पर दावलीच न्हाईस तर सगळा उतार कसा सोडू?”

त्याचं बरोबर होतं, म्हणूनच मला राग आला. माझ्याकडं दाखवायला काय होतं? एक विळा, तोही मातीत.

जागा माहीत असलेलं एकच माणूस उरलं होतं, माझे दीर. आमच्याच शेजारी राहतात, डोळ्यांत मोतीबिंदू, तोंडात तंबाखू. मी त्यांना विचारलं तर म्हणाले, “मला काय आठवतंय व्हय आता, वैनी? जेवलो का न्हाय ते सुदीक सून सांगती.” मी जरा जोरात विचारलं, तर काठी आपटत उठले आणि महादेवला म्हणाले, “मी म्हनतो खालचा तुकडा सोड. तिथली माती मेल्या.”

“काका, मेल्या तर भर घातलेली बरी की,” महादेव म्हणाला.

यावर ते काठी टेकत निघून गेले. पण रोज येऊन तेच सांगायचे. आम्हाला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं एका जागी अडकलंय, भावाचं बोलणं पाठ झालंय, दुसरं काय?

जमिनीतलं लोखंड-तांबं शोधायचं यंत्र मिळतं, हे महादेवनं मोबाइलवर बघितलं होतं. कुठंतरी एक माणूस समुद्राच्या वाळूत ते फिरवून नाणी काढत होता. महादेवनं मला ते सहज दाखवलं. मी म्हणाले, उद्या कोल्हापूरला जाऊ. तो म्हणाला, आई, ती वाळू हाय, आपली माती तांबडी. मी म्हणाले, मग मातीच बरोबर घेऊन जाऊ. दुकानात मडकं घेताना आपण ते वाजवून घेतो. हे यंत्र तर वाजायचंच काम करतं, त्याला आपल्या मातीवर वाजवून बघायला नको? खालच्या, वरच्या, मधल्या रानातली माती मी एका पिशवीत भरली. घरातला एक जुना विळा कापडात गुंडाळला. गडहिंग्लजहून एसटीत बसलो. पिशवी पायाशी बघून कंडक्टरनं विचारलं, “आजी, काय हाय?” मी म्हणाले, माती. तो म्हणाला, “कोल्हापुरात मिळत न्हाय व्हय?” मी म्हणाले, “माझी न्हाय मिळत.”

दुकान शाहूपुरीत. मोजणीची यंत्रं, पंप, दारावरचे कॅमेरे असलं सगळं तिथं. दुकानदार पन्नाशीचे, जैन, मूळचे गडहिंग्लजकडचे, बोलण्यात कानडी हेल, सगळे त्यांना अण्णा म्हणत. महादेवनं त्यांना सांगितलं, विळा शोधायचाय. ते हसले. “पावणं, नवा घ्या की लोहाराकडनं.” मग त्यांचं हसू गेलं आणि ते सावध झाले. म्हणाले, हंडा, गुप्तधन असलं काही असेल तर आधीच सांगा, त्यात मी पडत नाही. तसली माणसं येत असणार त्यांच्याकडं. मी त्यांना सरळ सांगितलं की कुठला विळा आणि तो कुणाजवळ आहे. त्यांनी चहाचा पेला बाजूला सरकवला आणि काउंटरच्या मागनं बाहेर आले. मोठ्यानं बोलायची सवय असलेला माणूस, त्यानंतर हळू बोलला.

एका प्लास्टिकच्या घमेल्यात आमची माती ओतली. पहिलं यंत्र काढलं. लांब दांडा, खाली गोल थाळी, वर छोटा पडदा. थाळी मातीवर धरली, आणि घमेल्यात विळा नसताना ते ओरडायला लागलं. थांबेच ना. दुकानातली माणसं बघायला लागली. अण्णा म्हणाले, हे साध्या मातीसाठी कारखान्यातनंच जुळवून आलेलं असतं, तुमच्या मातीतच लोखंड आहे, ते बिचारं मातीलाच लोखंड समजतंय. दुसऱ्याला एक बटण होतं, ते केसाएवढं इकडं-तिकडं फिरवून मातीचा आवाज बंद करायचा. महादेवनं ते फिरवलं. त्याचे हात नांगराचे. कधी सगळं ओरडायचं, कधी विळा पुढ्यात ठेवला तरी गप्प.

तिसऱ्याला फिरवायचं काही नव्हतं. एक बटण दाबून धरायचं आणि थाळी मातीवर हापशासारखी वर-खाली करायची. आधी ते कुरकुरलं, मग कुरकुर बारीक झाली, मग थांबली. अण्णा म्हणाले, “आता ह्यानं तुमची माती ऐकून घेतली. आता ती सोडून बाकीचं सांगंल.” मी विळा घमेल्यात मातीखाली दाबला. ते बोललं. काढला, गप्प झालं. मी स्वतः चार वेळा करून बघितलं, मग मान हलवली.

गिरणीजवळ राहणाऱ्याला गिरणी ऐकू येत नाही. बंद पडली तर जाग येते. माणसाचं असं व्हायला वर्षं लागतात. त्या यंत्रानं ते उभ्या उभ्या केलं, याचं मला नवल वाटलं आणि थोडा हेवाही.

अण्णांनी दोन गोष्टी बजावल्या. एक म्हणजे, त्यावर लोखंड गाळून टाकायचं एक बटण असतं. जे येतात त्यांना सोनं-चांदी हवी असते, खिळे-पत्रे नको असतात, म्हणून सगळे ते बटण आधी लावून घेतात. “तुमाला लोखंडच पायजे. ह्याला हात लावायचा न्हाई.” दुसरी, माती बदलली की यंत्राला परत शिकवायचं. एकाच रानात माती चार जातीची असते. मग म्हणाले, “आजी, एक सांगतो, रागावू नका. विळा गंजून पार माती झाला असंल तर हे काय करणार न्हाई.”

“पातं रुंद होतं,” मी म्हणाले. याच्यापुढं माझ्याकडं काही नव्हतं. परत आणून द्यायच्या बोलीवर आम्ही ते घेतलं. येताना एसटीत मी ते मांडीवर धरलं होतं, आणि पिशवीतली माती परत आणली. टाकून कुठं द्यायची?

जेसीबी येणार त्याच्या आधीचा तो आठवडा. सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही रानात जायचो. काजूचे दिवस, झाडाखाली बोंडं पडून कुजलेली, त्यांचा आंबूस वास, आणि दुसऱ्यांच्या रानातला भाजावळीचा धूर. भावजी काठी टेकत यायचे आणि जांभ्याच्या दगडावर बसून राहायचे. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. महादेवनं काजूच्या झाडाजवळ यंत्राला माती शिकवली आणि वरनं फिरवत निघाला. मी मागनं खुरपं घेऊन. ते बोलायचं, आम्ही खणायचो. बैलाच्या पायाची पत्री निघाली. फाळाचं टोक निघालं. औषधाच्या डबीचं झाकण निघालं. प्रत्येक वेळी महादेव खाली बसला की मी श्वास धरायची, आणि निघालेलं बघून कधी बरं वाटायचं, कधी वाईट. असं का, ते मला सांगता येत नाही.

वरचा आणि मधला उतार संपला. विळा नाही. राहिला फक्त खालचा तुकडा.

तिथं पाय ठेवला आणि यंत्र ओरडायला लागलं. थांबेना. आम्ही दोन ठिकाणी खणलं, नुसती माती. महादेव म्हणाला, बिघडलं. तो चिडून बाहेर आला, तर ते गप्प. आत गेला, ओरडलं. बाहेर, गप्प. त्याला काहीतरी वाटलं म्हणून तो कडेकडेनं फिरला आणि जिथं आवाज सुरू होतो तिथं एकेक दगड ठेवत गेला. शेवटी मी बांधावर उभी राहून बघितलं तर दगडांचा चौकोन झाला होता. वरनं सगळीकडं सारखंच गवत, सारखीच माती. पण तो चौकोन मला ओळखीचा होता. त्याच्या कडेनं मी पाल्याचे भारे टाकले होते.

मी म्हणाले, “हा तरवा हाय. आपला जुना.”

महादेवनं दुकानात फोन लावला. अण्णा म्हणाले, बरोबर आहे, वर्षानुवर्षं जाळ लागलेली माती यंत्राला वेगळीच लागते, बिघडलेलं काही नाही. तिथंच आत उभं राहून परत शिकवा. पिढ्यान्‌पिढ्यांचा जाळ त्या मातीत तसाच होता. राख वाहून गेली, माणसं गेली, आणि मातीनं ते धरून ठेवलं होतं.

महादेव चौकोनाच्या आत उभा राहिला. बटण दाबून थाळी वर-खाली केली. बराच वेळ ते कुरकुरलं. मग थांबलं. मग तो एका कडेनं पट्टे मारल्यासारखा फिरायला लागला, आणि ओढ्याच्या अंगाच्या कोपऱ्यात ते बोललं. याआधीच्यासारखं नव्हे. एकदाच, खालनं, जाड आवाजात. उलट्या बाजूनं फिरवलं, तिथंच. आडवं फिरवलं, तिथंच.

महादेवनं माझ्याकडं बघितलं. “खणू?”

मी तोंड उघडायच्या आधी मागनं आवाज आला, “खनू नगंस.”

भावजी उभे होते. काठी दगडापाशीच राहिली होती. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती.

मी त्यांना विचारलं, “तुमाला ठावं हुतं?”

“दादानं शपथ घातलीती, वैनीला सांगायचं न्हाय म्हणून. दादा गेला, शपथ काय गेली न्हाय. मी खालचा तुकडा सोडा म्हणून सांगितलंय की. रोज सांगितलंय.”

“आणि ढीग? ढीग वर का नेला?”

त्यांनी टोपीची घडी घातली, उलगडली. “दुसरीकडं कुदळ जाईना. हितंच मऊ हुतं. पुरून झालं आन् दादानं त्या ढिगाकडं बघितलं. म्हनला, पोरीच्या अंगावर इस्तू पेटाय नगं. सगळा पाला आमी दोघांनी डोक्यावरनं वर न्हेला. त्या वर्सापासनं खाली काडी वढू दिली न्हाय त्यानं कुनाला.”

मला आधी काय आठवलं असेल, तर कानावर ठेवलेली बिडी.

मालकांशी मी भांडले ते पाण्यासाठी. पाण्याच्या घागरी मला वाहायच्या होत्या, तेव्हा भांडण खोटं नव्हतं, आणि ते मी परत घेत नाही. त्यांनीही कधी मला खोटं पाडलं नाही. तोंडातनं एक शब्द काढला असता तर मी त्या मुरमात जन्मभर पाणी वाहिलं असतं. पण शब्द काढला असता तर मला जागा कळली असती. म्हणून ते हट्टी ठरले, आणि ठरलेलं अंगावर घेऊन गेले. दरवर्षी या दिवसांत आम्ही दोघं तिच्यासाठीच या उताराकडं बघत होतो, आणि मला वाटत होतं की मी एकटीच बघतेय.

आम्ही खणलं नाही. तिथं विळाच आहे, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. मोडका फाळही असेल. पण भावजींनी टोपी काढली ती फाळासाठी नव्हे, आणि मला तेवढं पुरे आहे. मी तिथं वाकून माती हातात घेतली. ती अजून मऊ होती. मग उन्हं डोक्यावर आली आणि आम्ही घरी आलो. महादेव यंत्र परत देऊन आला. अण्णांनी त्याला फक्त विचारलं, सापडलं का, आणि तो हो म्हणाला.

जेसीबी आला, वरची माती खाली ओढली. दगडांचा चौकोन तेवढा सोडला. आता चारी बाजूंनी रान वर आलंय आणि तो तुकडा खोलगट राहिलाय, परातीसारखा. पावसात तिथं पाणी साठतं. बघणारे विचारतात, एवढी जागा पडीक का ठेवली? महादेव सांगतो, “तिथली माती मेल्या.” मी तिथं रोज जाऊन बसत नाही. या वयात कूस भरायची भीती नाही, पण बसून करायचं काय? गवत कापायला जाते. भावजी गेल्या पावसाळ्यात गेले. शेवटी शेवटी त्यांना खरंच काही आठवत नव्हतं.

यंदा पहिला ऊस तुटून गेला. मागं पाचट राहिलं, सगळ्या रानावर अंथरल्यासारखं. पाचट जाळू नये असं हल्ली सांगतात, पण आमच्याकडं अजून जाळतात. भाजावळ मोडली, तरी फाल्गुनात धूर आहेच. परवा सकाळी महादेव ते पेटवायला निघाला तेव्हा मी बांधावर गवताचा भारा बांधत होते. त्यानं आधी दाताळं घेऊन त्या तुकड्याच्या चारी कडांचं पाचट मागं ओढलं. नुसता पट्टा नव्हे, चांगली गाडी जाईल एवढी मोकळी जागा केली. त्यावर पाइपनं पाणी मारलं. वारा वाढला तर म्हणून हिरव्या फांद्या तोडून हाताशी ठेवल्या. वाऱ्यानं थोडं पाचट तुकड्यातल्या गवतावर उडून पडलं होतं, ते गोळा करायला तो निघाला.

कडेला तो थांबला. खिशातनं काडेपेटी काढली, बांधावर ठेवली, आणि मग खाली उतरला.

मी त्याला काही सांगितलं नव्हतं. त्यानंही मागं वळून बघितलं नाही.

नंतर त्यानं वरच्या अंगाला पेटवलं. धूर डोंगराच्या बाजूनं उठला आणि घराच्या वरच्या खिडकीकडं गेला. मी भारा उचलला, घरी आले आणि वाळत घातलेली लुगडी काढली.